जीनोमभर संबंध शोधताना: कच्च्या जीनोटाइपपासून भरवशाच्या निकालापर्यंत

उंची, रक्तदाब किंवा एखादा आजार यांचा डीएनएतल्या कोणत्या बदलांशी संबंध आहे, हे हजारो माणसांचे जीनोटाइप, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक जागांवरची अक्षरं, तपासून शोधलं जातं. या अभ्यासाला जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी म्हणतात. बोलताना सगळे 'जीवॉस'च म्हणतात. त्यातलं मूळ गणित अवघड नाही. डीएनएतल्या एकेका बदलत्या जागेसाठी, म्हणजे एकेका स्निपसाठी, एक साधं रिग्रेशन, म्हणजे दोन गोष्टींमधला संबंध मोजायचं गणित, करायचं आणि हेच लाखो वेळा करायचं. संगणक ते काही मिनिटांत करून देतो. अवघड आहे ते आलेल्या निकालावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणं.

२०१० साली 'सायन्स' नियतकालिकात शंभरी गाठलेल्या लोकांच्या जनुकांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि २०११ साली तो मागे घ्यावा लागला. शंभरी गाठलेल्यांपैकी काहींचे नमुने जीनोटाइप वाचणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या चिपवर वाचले गेले होते, आणि त्या चिपवर काही स्निप चुकीचे वाचले जात होते. दोन गटांमधला हा फरक जीवशास्त्राचा नव्हता, चिपचा होता. जीवॉसमधले बहुतेक खोटे निकाल असेच जन्मतात. म्हणून या लेखातला मोठा भाग सांख्यिकीच्या आधीच्या साफसफाईचा आहे. प्रत्यक्ष कामातही वेळेची वाटणी तशीच होते, आणि व्हायला हवी.

फाइल उघडताच काय बघायचं

जीनोटाइप बहुतेक वेळा प्लिंक या संगणक-प्रणालीच्या तीन फाइलींत मिळतात. 'बेड'मध्ये जीनोटाइप, 'बिम'मध्ये स्निपची यादी, 'फॅम'मध्ये माणसांची यादी. बेड फाइलमध्ये एका बाइटमध्ये चार जीनोटाइप बसतात. त्यामुळे ५ लाख स्निप आणि १० हजार माणसं, म्हणजे ५०० कोटी जीनोटाइप, फक्त सव्वा जीबीत मावतात. हा हिशेब लक्षात ठेवा. फाइलचा आकार त्याच्याशी जुळत नसेल तर कॉपी अर्धवट झाली आहे किंवा तिन्ही फाइली एकाच संचातल्या नाहीत.

फॅम फाइलमध्ये सहा रकाने असतात: कुटुंब, व्यक्ती, वडील, आई, लिंग आणि फिनोटाइप, म्हणजे अभ्यासायचा गुण किंवा आजार. सहाव्या रकान्यात प्लिंकला निरोगी म्हणजे १ आणि रुग्ण म्हणजे २ अपेक्षित असतं. ० आणि उणे ९ म्हणजे 'माहिती नाही'. इतर सगळीकडे निरोगी ० आणि रुग्ण १ लिहायची सवय असते, आणि तीच इथे घात करते. तसं लिहिलं तर सगळे निरोगी लोक गाळले जातात आणि सगळे रुग्ण 'निरोगी' ठरतात. लॉग फाइलमध्ये 'शून्य केस' दिसलं की हेच झालंय असं समजा. याच्या उलट, प्लिंकसाठी केलेली फाइल आर या सांख्यिकी भाषेत वाचली की तिथला उणे ९ हा खरा आकडा धरला जातो. वजन उणे ९ किलो असलेली पन्नास माणसं सरासरी बिघडवतात आणि कुठलाही इशारा येत नाही. विश्लेषणाआधी फिनोटाइपचा हिस्टोग्राम एकदा डोळ्यांखालून घाला.

मग जीनोमची आवृत्ती. मानवी जीनोमच्या दोन संदर्भ मांडण्या अजूनही वापरात आहेत, २००९ची जीआरसीएच३७ आणि २०१३ची जीआरसीएच३८. एपीओई जनुकातला आरएस४२९३५८ हा स्निप १९व्या गुणसूत्रावर पहिल्या मांडणीत ४५४११९४१ या जागी आणि दुसऱ्या मांडणीत ४४९०८६८४ या जागी आहे. फाइलच्या नावावर विसंबू नका. असे चारपाच ओळखीचे स्निप बिम फाइलमध्ये शोधून मांडणी स्वतः पडताळा. वेगळ्या मांडणीतले दोन संच जागेच्या आधारे जोडले, तर बहुतेक स्निप जुळतच नाहीत. जे थोडे योगायोगाने जुळतात ते चुकीचे असतात, आणि खरा त्रास त्यांचाच होतो.

दोन संच जोडायचे असतील तर धाग्याचा प्रश्न येतो. डीएनएच्या एका धाग्यावर ए असेल तर समोरच्यावर टी असतो, सी असेल तर जी. एका जागेवर आढळणाऱ्या पर्यायी अक्षरांना अ‍ॅलील म्हणतात. ए आणि जी अशी अ‍ॅलीलं असलेला स्निप दुसऱ्या संचात टी आणि सी असा दिसला, तर तो उलट्या धाग्यावरून वाचला आहे हे लगेच कळतं. पण ए-टी किंवा सी-जी जोडीचा स्निप दोन्ही धाग्यांवरून सारखाच दिसतो. अ‍ॅलील किती प्रमाणात आढळतं त्यावरून, म्हणजे वारंवारतेवरून, अंदाज करता येतो, मात्र ती ०.५ च्या आसपास असेल तर तेही शक्य नाही. तिथे असे स्निप सरळ काढून टाकणं शहाणपणाचं.

गाळणी: क्रम आणि कारण

पहिली गाळणी न वाचल्या गेलेल्या जीनोटाइपची. साधारण नियम असा की २ टक्क्यांहून जास्त माणसांत न वाचलेला स्निप काढायचा आणि २ टक्क्यांहून जास्त स्निप न वाचलेलं माणूसही काढायचं. मात्र एकदम २ टक्क्यांवर उडी घेऊ नका. एखादी प्लेट, म्हणजे नमुने ठेवायची घरांची थाळी, पूर्ण बिघडली असेल तर तिच्यातल्या ९६ नमुन्यांमुळे हजारो चांगले स्निप नापास होतात. आधी २० टक्क्यांची सैल गाळणी स्निपना आणि मग माणसांना लावा. सरळसरळ निकामी झालेलं निघून जाईल. त्यानंतर त्याच क्रमाने २ टक्क्यांची.

न वाचलेल्यांचं प्रमाण रुग्णांत आणि निरोगी गटात वेगवेगळं आहे का, तेही प्रत्येक स्निपसाठी तपासा. प्लिंकमध्ये त्यासाठी 'टेस्ट-मिसिंग' आहे. एकूण न वाचलेले दीड टक्काच असले, पण ते सगळे रुग्णांतलेच असले, तर तो स्निप वरच्या गाळणीतून सुटतो आणि अंतिम यादीत मानाने झळकतो.

लिंग तपासणीकडे औपचारिकता म्हणून बघणारे बरेच असतात, पण नमुन्यांची अदलाबदल पकडायचं याहून स्वस्त साधन नाही. 'चेक-सेक्स' ही आज्ञा एक्स गुणसूत्रावरून एफ नावाचा आकडा काढते. पुरुषात एक्स एकच असल्याने तो १ च्या जवळ येतो, स्त्रियांत ० च्या आसपास. ०.८ च्या वर पुरुष, ०.२ च्या खाली स्त्री. त्याआधी एक्स आणि वाय यांच्या टोकांचा सामाईक भाग वेगळा काढावा लागतो, नाहीतर पुरुषांतही दोन वेगळी अ‍ॅलीलं दिसतात. जुळणी चुकलेले नमुने हाती आले की नुसते काढून पुढे जाऊ नका, ते प्लेटवर कुठे होते ते बघा. प्लेटमध्ये ८ ओळी आणि १२ रकाने असतात. चुकलेले नमुने एकाच ओळीत लागून असतील तर ती ओळ एका घराने सरकलेली असू शकते. मग त्या ओळीतले लिंग 'बरोबर' आलेले नमुनेही चुकीच्याच माणसांचे आहेत, कारण योगायोगाने निम्म्यांची जुळणी होणारच. एफ ०.५ च्या आसपास रेंगाळत असेल तर बहुधा दोन नमुने एकमेकांत मिसळले आहेत. लिंग न जुळण्याचं कारण क्वचित गुणसूत्रांची वेगळी संख्या हेही असतं, जसं एक्सएक्सवाय. ती माहिती त्या माणसाच्या वैद्यकीय गोपनीयतेत मोडते, त्यामुळे ती सहज बोलता बोलता पसरणार नाही याची काळजी घ्या.

हेटेरोझायगोसिटी, म्हणजे दोन वेगळी अ‍ॅलीलं असलेल्या जागांचं प्रमाण, सरासरीपासून ३ प्रमाण विचलनांहून दूर गेलं तर ते माणूस गाळायचा प्रघात आहे. दोन्ही टोकं एकाच मापाने मोजू नयेत. वरचं टोक बहुतेक वेळा दुसऱ्याचा डीएनए मिसळल्याचं लक्षण असतं. खालच्या टोकाला मात्र जवळच्या नात्यांत लग्नं होणाऱ्या कुटुंबांतली खरीखुरी माणसं असतात. अशी लग्नं जिथे सर्रास होतात त्या समाजाचा अभ्यास करताना खालची गाळणी डोळे मिटून लावली, तर अभ्यासायचीच माणसं बाहेर जातील.

नातेवाईक शोधायला दोन मापं चालतात. प्लिंकचं पाय-हॅट, म्हणजे दोघांत वारशाने सामाईक असलेल्या डीएनएचं प्रमाण, सख्ख्या भावंडांत ०.५ च्या आसपास येतं, आणि ०.१८७५ ही सीमा दुसऱ्या व तिसऱ्या पातळीच्या नात्यांच्या बरोबर मध्ये पडते. पण ते अ‍ॅलीलांची सरासरी वारंवारता वापरतं. वेगवेगळ्या वंशांचे लोक एकत्र असतील तर एकाच वंशाची दोन अनोळखी माणसंही त्याला चुलत भावंडं वाटू लागतात. अशा संचात किंग हे दुसरं माप वापरा, तिथे ०.३५४ च्या वर जुळे किंवा तोच नमुना दोनदा, ०.१७७ च्या वर पहिल्या पातळीचं नातं, ०.०८८४ च्या वर दुसऱ्या. जोडीतलं कोणतं माणूस काढायचं? रुग्ण मिळवणं अवघड असतं, म्हणून रुग्णाला ठेवा. दोघंही एकाच गटातली असतील तर कमी वाचलं गेलेलं काढा. एकच माणूस सगळ्यांचाच दूरचा नातेवाईक निघाला, तर ते नातं नव्हे. त्याच्या नळीत इतरांचा डीएनए गेला आहे.

लग्नं स्निपकडे न बघता होत असतील तर वारंवारतेवरूनच तिन्ही जीनोटाइपचं प्रमाण ठरतं, याला हार्डी-वाइनबर्ग समतोल म्हणतात. तो मोडला तर स्निप चुकीचा वाचल्याचा संशय येतो. त्याची चाचणी एका उदाहरणाने बघू. १००० माणसं, एका अ‍ॅलीलची वारंवारता ०.८. समतोलात ६४० जणांत ते दुहेरी, ३२० जणांत दोन्ही वेगळी आणि ४० जणांत दुसरं अ‍ॅलील दुहेरी असायला हवं. प्रत्यक्षात ६२०, ३६० आणि २० दिसले. वारंवारता तीच ०.८, पण काय-वर्ग, म्हणजे अपेक्षेपासूनच्या फरकाचं माप, येतो ०.६२५ + ५ + १० = १५.६२५. पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, सुमारे ०.००००८. घाबरण्यासारखं वाटतं, पण ५ लाख स्निप तपासले की निव्वळ योगायोगाने असे चाळीसेक निघतात. म्हणून निरोगी गटासाठी सीमा दहा लाखांत एक इतकी लहान ठेवतात. रुग्णांत ती आणखी कितीतरी लहान, म्हणजे गाळणी आणखी सैल, ठेवा, कारण आजाराशी खरा संबंध असलेला स्निप रुग्णांत समतोल मोडू शकतो. तोच काढून टाकला तर शोधायचं काय उरलं? एक्स गुणसूत्रावर ही चाचणी फक्त स्त्रियांवर करायची.

विरळ अ‍ॅलीलांसाठी १ टक्क्याची सीमा सगळीकडे सांगितली जाते. त्याऐवजी प्रती मोजा. ३०० माणसांत १ टक्का म्हणजे केवळ ६ प्रती. सहा प्रतींवर रिग्रेशन करणं म्हणजे एखाद-दुसऱ्या माणसाच्या मोजमापावर निकाल सोडणं. किमान २० प्रती असाव्यात हा नियम छोट्या अभ्यासात जास्त उपयोगी पडतो.

वंशरचना: सगळ्यात जुना सापळा

अ‍ॅरिझोनातल्या गिला नदीकाठच्या पिमा आणि पपागो समाजाचा १९८८ सालचा अभ्यास हा या सापळ्याचा नमुना आहे. ४,९२० लोकांत इम्युनोग्लोब्युलिन या प्रतिपिंडांचा एक विशिष्ट जनुकगट असणाऱ्यांत मधुमेह ८ टक्के, नसणाऱ्यांत २९ टक्के आढळला. पाहिलं तर वाटावं, हा जनुकगट मधुमेहापासून वाचवतो. प्रत्यक्षात तो युरोपीय पूर्वजांची खूण होता. ज्यांच्यात युरोपीय वारसा जास्त, त्यांच्यात मधुमेह कमी. वारशाच्या प्रमाणानुसार लोकांचे गट पाडल्यावर संबंध जवळजवळ नाहीसा झाला.

यावरचा रोजचा उपाय म्हणजे प्रमुख घटक विश्लेषण, म्हणजे पीसीए. ते असंख्य स्निपमधले फरक मोजक्या अक्षांवर, म्हणजे घटकांवर, गोळा करतं, आणि वंशातला फरक बहुधा पहिल्या काही घटकांवर दिसतो. ते सगळ्या स्निपवर चालवू नका. शेजारशेजारचे स्निप एकत्र वारशाने येतात, त्यामुळे एकाच भागातले शेकडो स्निप एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. आधी विरळणी करा: ५० स्निपची खिडकी, ५ स्निपचं पाऊल, आर-वर्ग (दोन स्निपमधल्या संबंधाचं माप) ०.२ ही नेहमीची मापं. सहाव्या गुणसूत्रावरचा एमएचसी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांचा भाग, साधारण २.५ ते ३.५ कोटी या जागांमधला, आणि आठव्या गुणसूत्रावर ८० लाख ते १.२ कोटी यांमधला उलटा झालेला तुकडा पूर्णच वगळा. ते राहिले तर एखादा घटक वंश न दाखवता फक्त त्या तुकड्याचा प्रकार दाखवतो. आलेखावर ठिपक्यांचे तीन स्वच्छ पट्टे दिसले की ओळखायचं, उलट्या तुकड्याच्या शून्य, एक आणि दोन प्रती दिसताहेत. नातेवाईकांना बाहेर ठेवून घटक काढा आणि मग त्यांना त्या अक्षांवर बसवा, नाहीतर एखादं मोठं कुटुंब स्वतःचाच एक घटक तयार करतं.

घटकांचा आलेख तीनदा काढावा: एकदा रुग्ण-निरोगी असे रंग देऊन, एकदा प्लेटप्रमाणे, एकदा नमुना गोळा केलेल्या केंद्राप्रमाणे. प्लेटचे रंग वेगळे पडले तर प्रश्न वंशाचा नाही, प्रयोगशाळेचा आहे, आणि रिग्रेशनमध्ये दहा घटक घालून तो सुटत नाही. एका प्लेटवर सगळे रुग्ण आणि दुसऱ्या प्लेटवर सगळे निरोगी असतील तर तो कोणत्याच गणिताने सुटत नाही. म्हणून प्लेटवर नमुने मिसळून ठेवण्याचा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा लागतो. संदर्भासाठी १००० जीनोम्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातले २६ लोकसमूहांतले २,५०४ नमुने खुले आहेत. ते जोडले की आपली माणसं नकाशावर कुठे पडतात ते दिसतं.

गहाळ जागा भरणं

चिप काही लाख जागाच वाचते. मधल्या जागा संदर्भ जीनोमांच्या आधारे अंदाजाने भरतात, त्याला इम्प्युटेशन म्हणतात. ईगल किंवा शेपइटने आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या प्रती वेगळ्या करायच्या, मग मिनिमॅक किंवा बीगलने जागा भरायच्या. निकाल ०, १, २ असे पूर्णांक नसून ०.९४ सारखी मात्रा असते. ती पूर्णांकात आणू नका, रिग्रेशनमध्ये तशीच वापरा. अंदाजातली अनिश्चितता तिच्यात असते. गुणवत्तेचा आकडा ०.३ च्या खाली असेल तर स्निप टाकून द्या, विरळ अ‍ॅलीलांसाठी ०.८ ची सीमा बरी. रुग्ण आणि निरोगी वेगळ्या चिपवर असतील तर दोन्ही चिपवर असलेलेच स्निप घेऊन एकत्र इम्प्युटेशन करा. वेगवेगळं करून नंतर जोडलं की चिपमधला फरक लाखो नव्या जागांवर पसरतो.

रिग्रेशन आणि त्याची तब्येत

माणसं परस्परांच्या नात्यातली नसतील आणि वंश साधारण एक असेल तर वय, लिंग आणि पहिले दहा घटक घेऊन साधं रिग्रेशन पुरतं. नाती भरपूर असतील तर ती हिशेबात धरणारं मिश्र प्रतिमान लागतं. रेजेनी आणि सेज ही त्यासाठीची आजची साधनं. मिश्र प्रतिमानात ज्या गुणसूत्रावरचा स्निप तपासतोय ते गुणसूत्र पार्श्वभूमीतून वगळायचं असतं, नाहीतर स्निप स्वतःलाच समजावून टाकतो आणि खरा संबंध फिका पडतो. एका रुग्णामागे शंभर निरोगी असा असमतोल असेल तर विरळ स्निपचं पी-मूल्य साध्या रीतीने खोटं लहान येतं. सेजमधली सॅडलपॉइंट दुरुस्ती किंवा रेजेनीतली फर्थ पद्धत चालू ठेवा.

सहचलं, म्हणजे वय-लिंगासारख्या रिग्रेशनमध्ये सोबत घातलेल्या गोष्टी, निवडताना हात आखडता घ्या. जी गोष्ट स्वतःच आनुवंशिक आहे ती सहचल म्हणून घातली, जसं कंबर-नितंब गुणोत्तराच्या अभ्यासात शरीरभार निर्देशांक, तर शरीरभाराचे स्निप उलट्या दिशेने कंबर-नितंबाचे म्हणून उगवू शकतात.

निकाल आला की पहिला आलेख क्यूक्यू. अपेक्षित पी-मूल्यांसमोर मिळालेली ठेवली की ठिपके तिरक्या रेषेवर चालावेत आणि उजव्या टोकालाच वर उठावेत. अगदी सुरुवातीपासून रेषा सोडून चालत असतील तर गडबड सगळीकडे पसरलेली आहे. याचा आकडा म्हणजे लॅम्डा: सगळ्या काय-वर्गांचा मध्यक भागिले ०.४५५. १.०५ पर्यंत सहसा कोणी हरकत घेत नाही. पण लॅम्डा नमुनासंख्येबरोबर वाढतो. हजारो स्निपांचा थोडा थोडा खरा वाटा असलेल्या उंचीसारख्या गुणात मोठ्या अभ्यासात तो १.२ च्या पुढे जाणं स्वाभाविक आहे. खरा बहुजनुकीय परिणाम आणि वंशरचनेची भेसळ वेगळी करायला २०१५ पासून एलडी स्कोअर रिग्रेशन आहे; एलडी म्हणजे शेजारच्या स्निपांचं एकत्र वारशाने येणं. या रिग्रेशनचा अंतःखंड, म्हणजे रेषा शून्यापाशी जिथून निघते तो आकडा, १ च्या जवळ असेल तर वाढ बव्हंशी खरी. लॅम्डा मोठा दिसला म्हणून सगळे काय-वर्ग त्याने भागून टाकायची जुनी रीत आजाराला हात न लावता फक्त ताप उतरवते.

जीनोमव्यापी सीमा दोन कोटींत एक, म्हणजे ०.००००००५ चाही दहावा भाग. सुमारे १० लाख स्वतंत्र चाचण्या धरून ०.०५ ला १० लाखांनी भागल्यावर ती येते. आफ्रिकी वंशाच्या जीनोमात एकत्र वारशाने येणाऱ्या स्निपांची साखळी आखूड असल्याने स्वतंत्र चाचण्या जास्त होतात आणि सीमा आणखी कडक लागते.

यादीतल्या वरच्या नावांची उलटतपासणी

मॅनहटन आलेखावर, म्हणजे गुणसूत्रांवरच्या जागेसमोर पी-मूल्य मांडलेल्या आलेखावर, खरा संबंध बहुधा मनोऱ्यासारखा दिसतो: टोकाला एक ठिपका, खाली शेजाऱ्यांची उतरती रांग. आजूबाजूला सामान्य स्निप असूनही एखादा ठिपका एकटाच आकाशात लोंबकळत असेल, तर आधी त्याच्यावर संशय घ्या. चिपवरच्या प्रत्येक वरच्या स्निपचा तीव्रतेचा आलेख उघडून बघा. दोन रंगांच्या तीव्रता अक्षांवर मांडल्या की तीन वेगळे ढग दिसायला हवेत. दोन ढग एकमेकांत शिरलेले असतील किंवा संगणकाने एकाच ढगाला मधोमध रेघ मारली असेल, तर तो स्निप वाचलाच गेलेला नाही, पी-मूल्य कितीही देखणं असो. हे काम हाताने करावं लागतं, आणि तीस-चाळीस स्निपांसाठी तासभरात होतं.

मग त्या भागात संबंध एकच आहे की दोन, ते बघायला वरचा स्निप सहचल म्हणून घालून बाकीचे पुन्हा तपासा. जवळचं जनुक तेच कारणीभूत असं लिहायची घाई मात्र नको. लठ्ठपणाशी जोडलेला आरएस९९३९६०९ हा एफटीओ जनुकाच्या आत बसतो, म्हणून कित्येक वर्षं एफटीओकडेच बोट होतं. २०१४ आणि २०१५ सालच्या कामांतून दिसलं, की तो भाग दूरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ यांच्या कामावर ताबा ठेवतो.

परिणामाचा आकारही जसाच्या तसा मानू नका. सीमा ओलांडली तेच स्निप आपण निवडतो, म्हणून त्यांचे परिणाम सरासरीने फुगलेले असतात. दुसऱ्या, स्वतंत्र माणसांत पडताळणी करताना नमुनासंख्या या फुगलेल्या आकड्यावरून ठरवली तर ती कमी पडते आणि खरा संबंधही 'पडताळला गेला नाही' असं होऊन बसतं.

निकालाची फाइल इतरांना देताना गुणसूत्र, जागा, जीनोमची आवृत्ती, परिणाम ज्याचा मोजला ते अ‍ॅलील, दुसरं अ‍ॅलील, वारंवारता, परिणाम, प्रमाण त्रुटी, पी-मूल्य, त्या स्निपसाठीची नमुनासंख्या आणि इम्प्युटेशनची गुणवत्ता हे सगळे रकाने द्या. अ‍ॅलीलाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. प्लिंक १.९ मुळात कमी वारंवारतेच्या अ‍ॅलीलाला पहिलं मानतं. ०.४९ वारंवारतेचं अ‍ॅलील दुसऱ्या संचात ०.५१ झालं की परिणामाचं चिन्ह उलटतं, आणि दोन अभ्यास एकत्र केले की दोन खरे परिणाम एकमेकांना खाऊन शून्य होतात. पी-मूल्यं फार लहान असतील तर संगणक ती ० म्हणून लिहितो; तिथे लॉगरिदमचा रकाना ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला काय-वर्ग परत काढता येईल.